पीसीएलच्या नळीवर एंडोथेलियल पेशी टिकत का नाहीत?

एका संशोधक विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा: कृत्रिम रक्तवाहिनीसाठी इलेक्ट्रोस्पिनिंगने, म्हणजे विजेच्या ओढीने बारीक तंतू काढून, पॉलिकॅप्रोलॅक्टोन या पॉलिमरची, म्हणजे पीसीएलची, ४ मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी तयार केली. तिच्यात नाळेच्या शिरेतून काढलेल्या एंडोथेलियल पेशी, म्हणजे रक्तवाहिनीला आतून अस्तर करणाऱ्या पेशी, सोडल्या. पहिल्या दिवशी पेशी छान चिकटलेल्या दिसतात. तिसऱ्या दिवसापर्यंत बेटं-बेटं उरतात, आणि नळी पंपाला जोडली की उरलेल्याही वाहून जातात. पॉलिमर बदलावा का? कोटिंग कोणतं करावं? आणि ‘पेशी वाढल्या’ असं नेमकं कधी म्हणायचं?

पॉलिमर बदलायची घाई करू नका. पीसीएल हा काही एंडोथेलियल पेशींचा लाडका पदार्थ नव्हे, पण तुम्ही सांगता ती लक्षणं बहुतेक वेळा पॉलिमरच्या जातीपेक्षा त्याच्या पृष्ठभागाची, पेरणीची आणि पंपाची असतात. पॉलिमर बदललात तर हेच तिन्ही दोष नव्या पदार्थावर पुन्हा भेटतील.

पेशीला पॉलिमर दिसतच नाही, इथून सुरुवात करू. स्कॅफोल्ड, म्हणजे पेशींना आधार देणारा सांगाडा (इथे तुमची नळी), सीरम असलेल्या माध्यमात बुडवला की काही सेकंदांत त्यावर प्रथिनांचा थर बसतो. पेशी तळाशी पोहोचायला काही मिनिटं लागतात, तोवर तिच्यासाठी जमीन तयार झालेली असते. ती धरते फायब्रोनेक्टिनला, व्हिट्रोनेक्टिनला, आपल्या इंटिग्रिन नावाच्या ग्राहींनी. सीरममध्ये सगळ्यात जास्त असतं ते अल्ब्युमिन, आणि त्याला पेशी धरत नाही. त्यामुळे खरा प्रश्न असा की तुमच्या पृष्ठभागावर कोणतं प्रथिन, किती आणि कोणत्या स्थितीत बसलं. फार जलविरोधी पृष्ठभागावर प्रथिनं बसतात घट्ट, पण त्यांची घडी विस्कटते आणि इंटिग्रिनला हवी असलेली जागा खाली दबून जाते. फार जलस्नेही पृष्ठभागावर ती धड बसतच नाहीत. मधला, मध्यम ओला होणारा पृष्ठभाग पेशींना मानवतो, हे १९८० च्या दशकापासून वेगवेगळ्या पॉलिमरांवर पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे.

आता तुमचं पीसीएल. त्याच्या सपाट फिल्मवर पाण्याचा स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन; जितका मोठा तितका पृष्ठभाग जलविरोधी) साधारण ८० अंशांच्या आसपास येतो, म्हणजे फार वाईट नाही. पण त्याच पीसीएलचे तंतू काढून जाळी केली की तंतूंमध्ये हवा अडकते आणि कोन १२० अंशांच्या वर जातो. हे डोळ्यांनी दिसतं. कोरड्या जाळीवर पिपेटने माध्यमाचा थेंब सोडा. तो मण्यासारखा गोल बसून राहील, जाळी तिरकी केली तर घरंगळेल. अशा जाळीवर पेशी सोडल्या तर त्या मोजक्या तंतूंच्या माथ्यावर टेकतात, खाली हवेचे खिसे असतात. पहिल्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली चित्र ठीक दिसतं, कारण टेकायला तेवढं पुरतं. पसरायला पुरत नाही.

म्हणून कोटिंगच्या आधी ओलं करणं. जाळी ७० टक्के इथेनॉलमध्ये बुडवा, निर्वात पात्रात ठेवून बुडबुडे ओढून घ्या, मग इथेनॉलचं प्रमाण टप्प्याटप्प्याने कमी करत बफरवर या. मध्ये कुठेही जाळी कोरडी पडू देऊ नका. पडली तर पहिल्यापासून. नीट भिजलेली जाळी खडूसारखी पांढरी राहत नाही, ती किंचित पारभासक आणि करडी दिसते. चिमट्याने कड दाबली तर बुडबुडा निघता कामा नये. नळीच्या बाबतीत लोक बाहेरची बाजू बघून समाधान मानतात. बघायची असते आतली. नमुन्यादाखल एखादी नळी उभी चिरून बघाच.

ऑक्सिजन प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) किंवा सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडची प्रक्रिया केली तर स्पर्शकोन झपाट्याने उतरतो. प्लाझ्माचा परिणाम मात्र टिकाऊ नसतो. पॉलिमरच्या साखळ्या हलत राहतात, ध्रुवीय गट आत वळतात आणि पृष्ठभाग पुन्हा जलविरोधी व्हायला लागतो. सोमवारी प्लाझ्मा करून शुक्रवारी पेशी पेरणाऱ्याने निष्कर्ष काढताना हे लक्षात ठेवावं. शिवाय लांब, अरुंद नळीच्या आत प्लाझ्मा सगळीकडे सारखा पोहोचत नाही. तोंडाशी जास्त, मध्यभागी कमी. तुमची बेटं नळीच्या दोन्ही टोकांना दाट आणि मध्ये विरळ असतील तर इथेच संशय घ्या.

निर्जंतुकीकरण आणि द्रावक हे दोन मुद्दे थोडक्यात. पीसीएल ६० अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं, त्यामुळे ऑटोक्लेव्हचा प्रश्नच नाही. इथिलीन ऑक्साइड वापरलंत तर वायू पूर्ण निघून जायला वेळ द्या. गॅमा किरणांनी साखळ्या तुटतात, ताकद आणि विघटनाचा वेग दोन्ही बदलतात. क्लोरोफॉर्म, डीएमएफ यांसारखं द्रावक तंतूंत उरलेलं असू शकतं. जाळी निर्वातात नीट वाळवा. शंका असेल तर साधी चाचणी आहे: स्कॅफोल्ड २४ तास माध्यमात भिजत ठेवा आणि ते माध्यम नेहमीच्या प्लास्टिकवर वाढणाऱ्या पेशींना द्या. तिथेही पेशी मेल्या तर कोटिंगवर डोकं फोडण्यात अर्थ नाही.

कोटिंग. जिलेटिन प्लास्टिकच्या ताटलीला ठीक आहे, प्रवाहाखालच्या नळीला अपुरं. नुसतं वर बसलेलं प्रथिन हळूहळू सुटतं किंवा सीरममधली दुसरी प्रथिनं त्याची जागा घेतात. फायब्रोनेक्टिन त्याहून बरं. आधी पॉलिडोपामिन या चिकट पॉलिमरचा पातळ थर देऊन त्यावर फायब्रोनेक्टिन लावलं तर पकड आणखी घट्ट होते. पेप्टाइडचा मार्गही आहे: फायब्रोनेक्टिनमधला पेशी धरण्याचा भाग म्हणजे आर्जिनिन-ग्लायसिन-अ‍ॅस्पार्टिक आम्ल हा तीन अमिनो आम्लांचा क्रम, आरजीडी. पियर्शबाखर आणि रुओस्लाती यांनी तो १९८४ मध्ये दाखवला. स्वस्त, टिकाऊ, सहसंयोजी बंधाने बसवता येतो. पण आरजीडी ओळखण्यात एंडोथेलियल पेशींची मक्तेदारी नाही. स्मूथ मसल पेशी आणि सक्रिय झालेल्या प्लेटलेटही तो धरतात. म्हणजे जिथे पेशी निघून गेल्या, तिथली आरजीडी लावलेली उघडी जागा रक्तातल्या प्लेटलेटना आमंत्रणच. आरईडीव्ही हा दुसरा क्रम एंडोथेलियल पेशींच्या बाजूने जास्त निवडक आहे, पण त्याची पकड तितकी जोरदार नसते. माझं मत विचाराल तर आधी फायब्रोनेक्टिनवर सगळी व्यवस्था चालवून दाखवा, पेप्टाइडचा शोध त्यानंतर. चालणारी तुलना हाताशी नसताना नवं पेप्टाइड तपासणं म्हणजे अंधारात तीर.

आता पेरणी, कारण तुमच्या बेटांचं मूळ बहुधा इथे आहे. एंडोथेलियल पेशी एकटी राहायला तयार नसते. फायब्रोब्लास्ट विरळ पेरले तरी भरून काढतात. या पेशी शेजारणीशी जोडल्या नाहीत तर ताणाखाली येतात, बऱ्याच मरतात. त्यामुळे विरळ पेरून वाढीची वाट बघण्यापेक्षा जवळजवळ पूर्ण घनतेनेच पेरावं. भरलेल्या थरात दर चौरस सेंटीमीटरला साधारण ५० हजार ते १ लाख पेशी बसतात. तुमची नळी ५ सेंटीमीटर लांब धरली तर आतलं क्षेत्रफळ सुमारे ६.३ चौरस सेंटीमीटर, म्हणजे वरचा आकडा धरून ६ लाखांहून थोड्या जास्त पेशी. आतलं आकारमान सुमारे ०.६३ मिलिलीटर. म्हणजे मिलिलीटरला १० लाख पेशींचं द्रावण भरावं लागेल. ताटलीच्या सवयीने मिलिलीटरला १ लाख भरल्या, तर पृष्ठभागाच्या वाट्याला दहावा हिस्सा येतो.

आणि नळी फिरवा. पेशी गुरुत्वाने खाली बसतात, त्या वरच्या भिंतीवर चढत नाहीत. दर पंधरा मिनिटांनी नव्वद अंश, असं तास-दोन तास, किंवा मोटरवर अगदी सावकाश सतत. टोकं बंद करताना आत बुडबुडा राहिला तर तो फिरताना सगळ्या भिंतीवरून जातो आणि आत्ताच टेकलेल्या पेशी पुसून काढतो. सपाट जाळीचे तुकडे वापरत असाल तर ते तरंगू नयेत म्हणून वर कडी ठेवा, पेशी थोड्या द्रावणात वर सोडा, चिकटू द्या, मगच माध्यम भरा.

पेशी कमी पिढ्यांच्या वापरा. नाळेच्या शिरेतल्या पेशी वाढवण्याची पद्धत जाफे आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये मांडली, आणि आजही सुरुवातीला त्याच हाताशी असतात; पण सहा-आठ वेळा पसरवल्यावर त्या थकतात, मोठ्या आणि चपट्या होतात, स्वतःच्या खुणा गमावतात. चौथ्या-पाचव्या पिढीच्या पुढच्या पेशींवरून स्कॅफोल्डला नापास करू नका.

तिसऱ्या दिवशीच्या चित्रावरून निदान बरंच होतं. ज्या पेशी उरल्या त्या गोल, सुरकुतलेल्या आणि सगळीकडे विखुरलेल्या असतील तर विषारीपणा शोधा. पेशी धडधाकट आहेत पण सगळीकडे सारख्या फटी आहेत, तर पेरणी विरळ. आणि तिसरा प्रकार फसवा असतो: थर जमला होता, पण त्याची कड गुंडाळली जाऊन तो सालासारखा सुटला. पेशी एकमेकींशी जोडल्या गेल्या की त्यांच्या आतले अ‍ॅक्टिनचे धागे ओढ लावतात. शेजारणींची एकत्र ओढ खालच्या पकडीपेक्षा जास्त झाली की अख्खी चादर निघते. म्हणजे पेशी आपलं काम बरोबर करत होत्या, जमीन कच्ची होती. यात पेशींची संख्या वाढवून काही होत नाही, उलट बिघडतं. इथे पॉलिडोपामिन किंवा सहसंयोजी बंध उपयोगी पडतो.

तंतूंची जाडी आणि छिद्रं याबद्दल लोकांचा नेहमी गोंधळ होतो, कारण टिश्यू इंजिनिअरिंगमध्ये मोठी छिद्रं चांगली असा सरसकट समज आहे. हाडासाठी, स्नायूसाठी असेल. एंडोथेलियमला मात्र एकपदरी अखंड फरशी हवी. पसरलेली पेशी ३०-५० मायक्रोमीटरची. छिद्र त्या मापाचं झालं की ती त्यात उतरते किंवा पुलासारखी ताणून बसते आणि प्रवाह आला की तुटते. आतल्या बाजूला बारीक, दाट तंतू आणि बाहेरच्या बाजूला जाड, मोकळे तंतू, अशी दुपदरी नळी करा. बाहेरून स्मूथ मसल पेशी आणि केशवाहिन्या आत यायला तो मोकळेपणा लागतोच. विस्तारित पीटीएफईच्या (ताणून सच्छिद्र केलेल्या टेफ्लॉनच्या) कृत्रिम वाहिन्यांबद्दल क्लॉवेस यांच्या गटाने १९८६ मध्ये बबून माकडांत दाखवलं होतं की गाठींमधलं अंतर नेहमीच्या ३० मायक्रोमीटरऐवजी ६० ठेवलं तर भिंतीतून केशवाहिन्या आरपार येतात आणि आतला पृष्ठभाग एंडोथेलियमने झाकला जातो. माणसात हे इतक्या सहज घडत नाही.

माणसात काय घडतं हे सांगायला हवं, कारण एवढी खटपट त्याच्यासाठीच आहे. वूरहीज यांनी १९५२ मध्ये कापडाच्या नळीने धमनी जोडता येते हे दाखवलं, पुढे डेक्रॉन हे पॉलिएस्टरचं कापड आलं, पीटीएफई आलं. मोठ्या धमन्यांचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला. ६ मिलिमीटरहून कमी व्यासाला मात्र या नळ्या गुठळीने किंवा जोडाजवळच्या ऊतीच्या वाढीने बुजतात. कुत्र्यांमध्ये आतला पृष्ठभाग एंडोथेलियमने चांगला झाकला जातो. माणसाच्या शरीरातून काढलेल्या नळ्यांत वर्षांनंतरही जोडापासून सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरपर्यंतच पेशी पोहोचलेल्या आढळतात. सॉवेज यांच्या गटाने १९७२ मध्येच हे नोंदवलं. म्हणून मग पेशी आपणच पेरू, ही कल्पना: १९७८ मध्ये हेरिंग यांनी डेक्रॉनवर ती करून पाहिली, आणि व्हिएन्नातल्या गटाने पुढे रुग्णाच्याच शिरेतल्या पेशी वाढवून, फायब्रिनचा लेप दिलेल्या पीटीएफईवर पूर्ण थर जमवून, पायाच्या बायपाससाठी त्या नळ्या वर्षानुवर्षं वापरल्या. पेशी लावलेल्या नळ्या जास्त काळ उघड्या राहिल्या. अडचण अशी की शस्त्रक्रियेआधी काही आठवडे पेशी वाढवाव्या लागतात, आणि तातडीच्या रुग्णाला तेवढा वेळ नसतो.

आता पंप. तुम्ही प्रवाहाचा आकडा दिलेला नाही, पण लोक कुठे अडकतात ते ठाऊक आहे. धमनीत भिंतीवरचा घर्षण-ताण साधारण १० ते २० डाइन प्रति चौरस सेंटीमीटर असतो. सरळ नळीत, शांत प्रवाहात, तो ४ गुणिले चिकटपणा गुणिले प्रवाह, भागिले पाय (π) गुणिले त्रिज्येचा घन, इतका येतो. त्रिज्या घनात आहे. नळी भिजून किंचित फुगली तरी हिशेब बदलतो. तुमच्या ४ मिलिमीटरच्या नळीत १० डाइन मिळवायला, माध्यमाचा चिकटपणा ३७ अंशांना सुमारे ०.००७ पॉइज (चिकटपणाचं एकक) धरून, सेकंदाला ९ मिलिलीटर, म्हणजे मिनिटाला साधारण ५४० मिलिलीटर प्रवाह लागतो. त्या वेगाला रेनॉल्ड्झ अंक, म्हणजे प्रवाह शांत की खळबळता हे सांगणारा आकडा, ४,००० च्या घरात जातो. नळीत २,३०० च्या पुढे शांत प्रवाहाची खात्री उरत नाही, म्हणजे ज्या सूत्रावरून तुम्ही ताण काढला ते सूत्रच तिथे लागू नाही. पेशींना मिळतो तो खळबळाट, आणि खळबळीत त्या प्रवाहाच्या दिशेने वळण्याऐवजी दाह-सूचक रेणू बाहेर काढतात.

यावर उपाय साधा आहे: माध्यमात डेक्स्ट्रान ही विरघळणारी बहुशर्करा घालून चिकटपणा रक्ताच्या जवळ, ०.०३५ पॉइजपर्यंत न्या. मग त्याच १० डाइनसाठी मिनिटाला १०८ मिलिलीटर पुरतात आणि रेनॉल्ड्झ अंक १६० च्या आसपास राहतो. नळीच्या आधी पुरेशी लांब सरळ नळी द्या, जोडावर पायरी राहू देऊ नका. बुडबुडे अडवायला सापळा लावा. प्रवाहातून गेलेला एक बुडबुडा दिवसभराच्या घर्षणापेक्षा जास्त नुकसान करतो, कारण हवा आणि पाण्याच्या सीमेवरचा पृष्ठताण पेशीला अक्षरशः खरवडतो.

आणि पहिल्या तासातच पूर्ण प्रवाह नको. एक-दोन दिवस स्थिर, मग १-२ डाइन, मग काही दिवसांत पायरी-पायरीने १०-१५. या काळात पेशी अ‍ॅक्टिनचे धागे प्रवाहाच्या दिशेने लावून घेतात, खाली पकडीचे ठिपके वाढवतात, स्वतःची आधारद्रव्यं स्रवतात. एक-दोन दिवसांत त्या लांबट होऊन प्रवाहाच्या दिशेने वळलेल्या दिसायला हव्यात. आत केएलएफ२ हे जनुक चढतं, नायट्रिक ऑक्साइड बनवणारं विकर कामाला लागतं. माझ्या मते हे सराव-शिक्षण कोटिंगइतकंच महत्त्वाचं आहे, आणि प्रबंधांत त्याला अर्धी ओळसुद्धा मिळत नाही.

‘वाढल्या’ कधी म्हणायचं? अलामार ब्लू या रंग-चाचणीचा आकडा चढला म्हणून नव्हे. तो फक्त किती जिवंत चयापचय आहे ते सांगतो, आणि स्कॅफोल्ड नव्या ताटलीत न हलवता मोजलात तर तळाच्या प्लास्टिकवर घसरलेल्या पेशीही हिशेबात येतात. मी आधी व्हीई-कॅडहेरिन हे पेशींना एकमेकींशी जोडणारं प्रथिन बघतो. पेशीच्या कडेने अखंड, बारीक रेघ असेल तर जोड पक्के आहेत. दातेरी, तुटक रेघ म्हणजे थर अस्वस्थ आहे. सीडी३१ ही एंडोथेलियल पेशींची दुसरी खूण त्याच कडांवर. फॉन विलेब्रांड घटक हे गुठळीत भाग घेणारं प्रथिन पेशीच्या आत छोट्या काड्यांसारखं दिसायला हवं, कारण ते वायबेल-पलाड कणिकांत साठवलेलं असतं. पेशीभर पुसट धूर दिसला तर रंगाईवर विश्वास ठेवू नका. पीसीएलचे तंतू रंगही शोषतात, म्हणून पेशी न लावलेला रंगवलेला तुकडा शेजारी हवाच.

यापुढची चाचणी बहुतेक जण गाळतात: थर शांत आहे का? विश्रांतीत व्हीकॅम-१ आणि ई-सिलेक्टिन हे दाह-सूचक रेणू जवळजवळ दिसू नयेत, टीएनएफ-अल्फा हा दाह पेटवणारा संदेशरेणू दिल्यावर चढावेत. विश्रांतीतच चढलेले असतील तर तुमच्याकडे पूर्ण झाकलेली, पण चिडलेली नळी आहे. चिडलेली एंडोथेलियल पेशी टिश्यू फॅक्टर बाहेर काढते, म्हणजे गुठळी स्वतःच सुरू करते. नंतर प्लेटलेटयुक्त प्लाझ्मा (रक्तद्रव) वाहवून किती प्लेटलेट बसतात ते मोजा, नुसत्या स्कॅफोल्डशी आणि पेशी वाढवण्याच्या नेहमीच्या प्लास्टिकवरच्या थराशी तुलना करून.

जाड ऊतीत केशवाहिन्यांचं जाळं तयार करणं हा निराळा विषय आहे. पेशी रक्तापासून १००-२०० मायक्रोमीटरच्या पलीकडे फार काळ जगत नाही, म्हणून ते जाळं लागतं. तिथे एंडोथेलियल पेशी एकट्या टिकत नाहीत, पेरिसाइटसारख्या आधार-पेशी सोबत लागतात. लेव्हनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये पीएलएलए-पीएलजीए या विघटनशील पॉलिमरांच्या सच्छिद्र स्कॅफोल्डमध्ये स्नायूपेशींबरोबर फायब्रोब्लास्टही घातल्यावर वाहिन्या अधिक आणि टिकाऊ झाल्या. तुमच्या नळीला त्याची आत्ता गरज नाही.

शेवटी एक आडवा प्रश्न, जो तुमचे परीक्षक विचारतीलच: पेशी पेरायच्या कशाला? शिनोका यांच्या गटाने मुलांच्या हृदय-शस्त्रक्रियांत विघटनशील स्कॅफोल्डवर पेशी पेरल्या. पुढच्या प्राण्यांवरच्या कामात दिसलं की पेरलेल्या पेशी लवकरच नाहीशा होतात आणि शरीराच्याच पेशी जागा घेतात. निकलसन यांनी १९९९ मध्ये पीजीए या विघटनशील पॉलिमरवर, स्पंदनाखाली, गाईच्या स्मूथ मसल पेशींपासून धमनी वाढवली. त्या वाटेवरून निघालेली, पेशी धुऊन काढलेली मानवी वाहिनी अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये हातापायांच्या धमनीच्या जखमांसाठी मान्य केली. तिथे पृष्ठभागावर एंडोथेलियम आधीपासून नसतं. याचं प्रामाणिक उत्तर असं की बारीक व्यासाच्या, मंद प्रवाहाच्या जागी पहिल्याच दिवसापासून गुठळी रोखणारा थर हवा असेल तर पेरणीला अजून जागा आहे. मोठ्या व्यासाला बहुधा नाही.

तुमच्यासाठी कामाचा क्रम: आधी भिजवणं आणि विषारीपणाची चाचणी, मग पूर्ण घनतेची फिरती पेरणी, पॉलिडोपामिन-फायब्रोनेक्टिन, दोन दिवस स्थिर, मग डेक्स्ट्रानसह चढता प्रवाह. प्रत्येक वेळी फायब्रोनेक्टिन लावलेल्या काचेच्या पट्टीवरच्या पेशी सपाट प्रवाह-कक्षात त्याच पंपावर, तितक्याच ताणाला ठेवा. त्याही सुटल्या तर स्कॅफोल्डला हात लावू नका. पंप, बुडबुडे आणि पेशींची पिढी तपासा.